डाव्या पुडीची कणीक

आमच्या घरात गव्हाचं पीठ यायचं ते पखवाजासाठी. आम्ही दोन्ही वेळ भात खाणारी माणसं. पोळ्या व्हायच्या त्या सणाला, नाहीतर घाटावरचे पाहुणे आले की. तरी पत्र्याच्या एका लहान डब्यात चाळलेलं पीठ बारा महिने असायचं, आणि त्या डब्याला आई सहसा हात लावत नसे. "ह्या घरात गहू खातो तो पखवाज," असं ती आल्यागेल्याला सांगायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यावर नुसते हसायचे.

अण्णा रत्नागिरीत कचेरीत कारकून होते आणि आमच्या आळीतल्या शंकराच्या देवळात दर सोमवारी संध्याकाळी भजनाला पखवाज वाजवायचे. नोकरीतून निवृत्त झाले, पखवाजातून नाही. पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते ती कायमची. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी वाजवायच्या आधी ओली कणीक लावावी लागते. नुसतं चामडं पोकळ वाजतं. मधोमध कणकेचा गोळा थापला की ते जड होतं आणि भरीव, खोल आवाज देतं. किती कणीक हे कोणी सांगू शकत नाही. अण्णा चिमूटभर लावायचे, थाप द्यायचे, कान द्यायचे, पुन्हा एक चिमूट. चार-पाच चिमट्यांत आवाज लागायचा. तो लागला की त्यांची मान आपोआप एकदा हलायची आणि भजन म्हणणारे बुवा तोंड उघडायचे.

भजन संपल्यावर ती कणीक काढून टाकायची. हे लावण्यापेक्षा महत्त्वाचं. कणीक तशीच राहिली तर सुकते, सुकताना चामडं ओढून घेते, आणि असं दहा-बारा वेळा झालं की पुडी, म्हणजे तोंडावरचं ते चामडं, तडकते. शिवाय पिठाच्या वासाने झुरळं येतात ती चामडंही कुरतडतात. अण्णांनी करवंटीचा एक तुकडा घासून घासून गुळगुळीत केलेला होता. घरी आले की पाय धुवायच्या आधी ते पडवीत बसून त्या तुकड्याने कणीक खरवडायचे आणि ओल्या फडक्याने पुडी पुसायचे. ह्या कामाला त्यांनी आईला नाही, मला नाही, कोणालाच कधी हात लावू दिला नाही.

म्हणून २००२ सालच्या त्या मंगळवारी सकाळी मी जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना. मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते, लग्न केलेलं नव्हतं, आईवडिलांजवळच राहायची. त्या दिवशी डबा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले, तर आई माजघरात पखवाज मांडीवर घेऊन बसलेली. ओठ घट्ट मिटून ती सुकलेली कणीक खरवडत होती. मला पाहून ती इतकी दचकली की तुकडा हातातून पडला.

"आधी दार लोटून घे," ती म्हणाली. "परसात आहेत ते. फुलं काढतायत."

मग कळलं की हे तीन महिने चाललं होतं. सोमवारी अण्णा पखवाज तसाच कोपऱ्यात ठेवायचे, आणि मंगळवारी ते परडी घेऊन परसात गेले की आई पुडी साफ करायची. पुढच्या सोमवारी त्यांना पखवाज स्वच्छ मिळायचा.

"विसरतात गो हल्ली. विसरले हे त्यांना कळलं तर मनाला लावून घेतील. तू बोलू नकोस काही."

काळजी करण्यात आमच्या घरात माझा हात कोणी धरणार नाही. मला नळाला पाणी उशिरा आलं तरी धरण फुटलं की काय असं वाटतं. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण कोणीतरी मला पाहूनच केली असणार. तरी इतकी सवय असूनही त्या दिवशी मी कॉलेजात एक धड काम केलं नाही. मुलांना साधा लंबक मांडून द्यायचा होता, मी भिंगं काढून दिली. एकदा विसरणं आठवायला लागलं की मागचं सगळं आठवत जातं. अण्णांचं अक्षर मोठं, टपोरं. कचेरीत त्यांच्या अक्षराची ख्याती होती. गेलं वर्षभर ते बारीक बारीक होत होतं. मला वाटलं होतं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. चालताना डावा हात हलत नव्हता. मला वाटलं होतं, पिशवी धरायची सवय. मी एवढी काळजी करणारी, आणि समोर होतं ते मला दिसलं नव्हतं, ह्याचा मला स्वतःचा फार राग आला.

आमच्या डॉक्टरांनी कोल्हापूरच्या तज्ज्ञांचं नाव दिलं. आंब्याचा घाट चढून आम्ही तिघं एसटीने गेलो. तिथल्या डॉक्टरांनी अण्णांना उठवलं, बसवलं, बोटांची उघडझाप करायला लावली, आणि मग त्यांचं डावं मनगट हातात धरून ते सावकाश वरखाली केलं. मी शेजारी उभी होते. मनगट सरळ फिरत नव्हतं. घड्याळाला किल्ली देताना कसं टिकटिक अडत फिरतं, तसं फिरत होतं. अण्णा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होते.

मग आईने त्यांना चहाला म्हणून बाहेर नेलं आणि डॉक्टरांनी मला सांगितलं. पार्किन्सन. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. अण्णांना थरथर नव्हती, कधीकधी नसते म्हणाले, नुसता ताठरपणा येतो. मेंदूतल्या काही पेशींमध्ये एका प्रथिनाच्या गाठी साठत जातात आणि त्या पेशी हळूहळू कामातून जातात. औषधाने हालचाल सुधारेल, पण गाठी जाणार नाहीत. जेवणाच्या बरंच आधी गोळी द्या, आणि गोळीबरोबर डाळीचं वगैरे काही नको, तिचा गुण कमी होतो.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी डोळे मिटून होते. आई माझ्या कानाशी लागली. "कंपवात हा शब्द घरात काढायचा नाही. नसा आखडल्यात म्हणून सांगायचं." मी हो म्हटलं. थरथर नव्हती त्यामुळे आमचं फावलंच. गोळ्यांची पाकिटं आई लगेच टाकून द्यायची आणि गोळ्या शक्तीच्या औषधाच्या जुन्या बाटलीत भरायची. शेजारच्यांना, भजनातल्या लोकांना, सगळ्यांना एकच: नसा आखडल्यात. अण्णांना आम्ही ताकास तूर लागू दिली नाही, असं आम्हाला दोघींना वाटत होतं.

गोळ्यांनी गुण आला. अण्णा पुन्हा बरे चालायला लागले, सोमवारी वाजवायला जायला लागले. कणीक मात्र मंगळवारी आईच खरवडायची. आणि मला एकच प्रश्न दिवसभर टोचायचा: त्यांना कळतंय का? एखादा आवाज लागला नाही, बटण लावायला वेळ लागला, की मी त्यांच्या तोंडाकडे पाहायची. त्यांचा चेहरा आधीच कमी बोलका झाला होता. आजाराने तसं होतं म्हणे. त्यामुळे काही वाचता यायचं नाही. त्यांना कळत नसेल तर बरं, असं मला मनापासून वाटायचं. ते आजारी आहेत हे मी सोसू शकत होते. ते ह्या आजाराबरोबर एकटे बसलेले आहेत, हे मला सोसवलं नसतं.

मधे आईने एक घोळ घातला, आणि त्यात मीही होते. प्रथिनाच्या गाठी आणि गोळीबरोबर डाळ नको, ह्या दोन गोष्टी तिने एकत्र केल्या आणि निष्कर्ष काढला की डाळ मेंदूत जाऊन साठते. दुसऱ्या दिवसापासून आमटी बंद. कुळथाचं पिठलं बंद. दही बंद. अण्णा निमूट भात आणि सोलकढी जेवायला लागले. बी.एस्सी. होऊन मी हे थांबवायला हवं होतं, पण मला वाटलं, असेलही. काळजीत माणसाची अक्कल आधी जाते. तीन आठवड्यांनी त्यांचं धोतर कमरेला राहीना. बंगळूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा आईने मोठ्या अभिमानाने तिला हे पथ्य सांगितलं.

"आई," धाकटी इतक्या जोराने बोलली की मला लांबून ऐकू आलं, "डाळ पोटात मोडते. मेंदूत वरण जात नाही. आज संध्याकाळी त्यांना पिठलं कर आणि मला फोन करून सांग."

ही धाकटी बंगळूरला एका संशोधन संस्थेत होती. काय करते हे आम्ही कधी नीट विचारलं नव्हतं. पेशी, एवढंच माहीत. अण्णांचं कळल्यावर तिने आपल्या कामाचं बोलणंच टाळलं होतं, आणि त्याचं कारण मला २००४ च्या मे महिन्यात कळलं. ती सुट्टीला आली. महामार्गावर हातखंब्याला पहाटे उतरली, मी रिक्षा घेऊन गेले होते. येताना वाटेत तिने सांगितलं की दोन वर्षं ती नेमकं हेच बघते आहे. प्रथिनाच्या गाठी बसल्यावर मज्जापेशी किती कडक होतात ते.

"कडक म्हणजे?"

"कडक म्हणजे कडक. दाबून बघत्ये मी."

दुपारी पडवीत फणसाचे गरे काढायला बसलो तेव्हा तिने नीट समजावलं. हाताला तेल, मधे सुरी, आणि ती अगदी शिक्षिकेसारखी बोलत होती. हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतंच, सुटं सुटं, आपलं काम करत. कशाने तरी त्याची घडी बिघडते, मग ते एकमेकांना चिकटतं, त्याचे तंतू होतात, तंतूंच्या गाठी. ती काचेच्या बशीत मज्जापेशी वाढवते, त्यांच्यावर ह्या गाठी सोडते, आणि मग एका तरफेच्या टोकाने पेशी दाबते. ते टोक केसाहून कितीतरी बारीक. पेशी मऊ असेल तर टोक आत जातं. कडक असेल तर तरफच वाकते. किती वाकली त्यावरून कडकपणा काढायचा.

"हे आम्ही अकरावीला शिकवतो की," मी म्हटलं. "मीटरपट्टी टेबलाला बांधून टोकाला वजनं लावायची आणि किती वाकली ते वाचायचं."

"तेच गो ताई. फक्त माझी पट्टी डोळ्याला दिसत नाही."

पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे, ती म्हणाली. तिला आत दोऱ्या असतात, वासे असतात, आणि वरचं आवरण सतत हलतं, वाकतं. मज्जापेशीला तर लांब धागे काढायचे असतात, त्या धाग्यांतून सामान पोचवायचं असतं. हलता आलं नाही तर हे होणार कसं? तिच्या बशीत गाठी बसलेल्या पेशी पुष्कळदा ताठ व्हायच्या. पण प्रत्येक वेळी नाही. कधी उलट आवरण पातळ, ढिलं व्हायचं. कोणत्या गाठीने काय होतं आणि पेशी मरते ती कडक झाल्यामुळे की मरायला टेकल्यामुळे कडक होते, हे तिला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं, ती म्हणाली. मला ते ऐकून धीर येण्याऐवजी जास्तच भीती वाटली.

"म्हणजे अण्णांचा हात ताठ आहे तो ह्यामुळेच."

"नाही. तो ताठरपणा वेगळा. हाताचे स्नायू ठीक आहेत, त्यांना सांगणारे नीट सांगत नाहीत म्हणून ते आखडतात. पेशी कडक आणि हात कडक, ह्यांची गल्लत करू नकोस. तू हात चोळतेस त्याने बरं वाटेल, पण गाठीपर्यंत ते पोचत नाही."

मी महिनोन् महिने रोज सकाळी नारायण तेलाने त्यांचं मनगट चोळत होते.  थोड्या वेळाने म्हटलं, "पुडीला कणीक लागते तसंच हे. चामडं चांगलंच असतं, पण वर साठलेलं त्याला हलू देत नाही."

धाकटीने गरा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "असं नको म्हणू. कणीक आपण लावतो आणि आपल्याला खरवडता येते."

मग मी जे विचारायचं ते विचारलं. अण्णांना कळतंय का, आपल्याला काय होतंय ते?

"ताई, माझ्या टोकाला पेशी किती कडक आहे एवढंच कळतं. माणसाला काय कळतं ते त्या माणसाला विचारायला हवं."

पण विचारायचं कसं? कळतंय का म्हणून विचारलं की कळलंच. धाकटी परत गेली आणि प्रश्न माझ्याकडे राहिला.

त्या पावसाळ्यात अण्णा कणीक जास्त लावायला लागले. हे मला घरी, दुपारी ते सराव करत तेव्हा दिसलं. चिमूट, थाप, कान. चिमूट, थाप, कान. पूर्वी चार-पाचवर थांबायचे, ते आता आठ, दहा. पुडीवर भाकरीएवढा थर व्हायचा आणि थाप दिली की नुसतं धप्प. मी आतून ऐकत बसायची. थांबा, असं तोंडापर्यंत यायचं. मी स्वतःची समजूत काढली: त्यांचा कान गेला. त्यांना आवाजातला फरक ऐकू येत नाही, म्हणून ते लावत राहतात. आणि खरं सांगते, मला त्यात सुटल्यासारखं वाटलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपलं बिघडलं हेही कळत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते मला हवं तेच होतं.

श्रावणात आमच्या देवळात सप्ता असतो. सात दिवस अखंड भजन, प्रत्येक प्रहर कोणाचा हे ठरलेलं. सोमवारची दुपार अण्णांची. सप्त्याच्या आधी बुवा घरी आले. ते एसटीत कंडक्टर होते, अण्णांपेक्षा दहा वर्षांनी लहान, अण्णांचाच पखवाज ऐकून भजन शिकलेले. बाहेर अंगणाच्या दगडी गड्ग्यापाशी उभे राहून ते आम्हा दोघींना हळू म्हणाले, "ताई, ह्या वक्ताला दुसरा माणूस बसवू काय? सुतार वाजवील. अण्णांनी नुस्तं बाजूला बसावं."

आईने माझ्याकडे पाहिलं. हो म्हणायचं तर अण्णांना कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की दोन वर्षांची झाकली मूठ उघडणार. "त्यांनाच वाजवू दे," मी म्हटलं. "होईल नीट." नीट होणार नाही हे मला ठाऊक होतं. तरीही मी ते म्हटलं.

त्या सोमवारी देऊळ भरलेलं. दमट हवा, ओल्या छत्र्यांचा वास, समयांच्या उजेडात पुरुष गोल बसलेले, आम्ही बायका खांबांच्या अलीकडे. अण्णांनी पखवाज पुढ्यात घेतला. शेजारी ताटलीत कणीक. बुवांनी आलाप सुरू केला आणि अण्णांनी पहिली चिमूट लावली.

चौथ्या चिमटीला मला आवाज लागल्यासारखा वाटला. अण्णांनी पाचवी लावली. सहावी. बुवांनी आलाप लांबवला. सातवी, आठवी. थाप दिली की लाकडावर ओलं कापड आपटावं तसा आवाज यायचा. टाळकरी टाळ धरून थांबले होते. बुवांचा आलाप संपला, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून उचलला. कोणीतरी खोकलं. अण्णांचा हात ताटलीकडे जात होता, येत होता, आणि चेहऱ्यावर काही नव्हतं.  हे मी केलं होतं. माझ्या एका शब्दाने मी त्यांना सगळ्या आळीसमोर आणून बसवलं होतं.

आई उठेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. मग मीच उठले, पुरुषांच्या गोलातून वाट काढत गेले आणि अण्णांच्या समोर बसले. करवंटीचा तुकडा पखवाजाच्या चामडी वादीत खोचलेला होता तो काढला आणि डाव्या पुडीची कणीक खरवडायला लागले. मी खरवडत होते आणि अण्णांचा हात नवी चिमूट घेऊन येतच होता. मी खरवडलेल्या जागी त्यांनी दोनदा नवी कणीक लावली. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं. ते माझ्या मुठीत टिकटिक अडत राहिलं आणि मग थांबलं.

सुतार न सांगता पुढे सरकला. अण्णा मागे झाले. भजन सुरू झालं, आणि मी अण्णांना हाताला धरून बाहेर आणलं. पाऊस थांबला होता. देवळाच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. आत सुतार वाजवत होता, आणि दर आवर्तनाला समेवर अण्णांची मान हलत होती. बरोबर समेवर, एकदाही चुकत नव्हती. मी त्यांच्या मानेकडे पाहत राहिले.

"चौथ्या चिमटीला लागला होता," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवसांत फार बारीक झालेला, मला वाकून ऐकावं लागलं.

"काय?"

"आवाज. चौथ्याला लागला होता. मला ऐकू आला. हात थांबेना गो."

 घरी दुपारी, आठ आणि दहा चिमट्या, प्रत्येक वेळी त्यांना ऐकू येत होतं.

"आणि मी पुडी पुसायला विसरत नव्हतो. डाव्या हाताने पखवाज दाबून धरता येत नव्हता, मग खरवडणार कसं? तुझी आई साफ करते ती मला परसात ऐकू येते. हात जड आहे तिचा. दोन ठिकाणी ओरखडे पाडलेत."

"मग बोलला का नाहीत, अण्णा?"

"तुम्ही दोघी इतकं जपून लपवत होतात." त्यांनी जरा दम घेतला. "नसा आखडल्या म्हणून कोणी कोल्हापूरला नेतं काय? कंपवात आहे तो. माझ्या आत्याला होता. तिचंही डाव्या हातानेच सुरू झालं. लहानपणी मी पाहिलेला आहे, सगळा, शेवटपर्यंत."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्हाला कळायच्या आधीपासून. मी ज्याला सर्वांत जास्त भीत होते ते दोन वर्षं माझ्यासमोर जेवत होतं, फुलं काढत होतं, मुकाट्याने बिनडाळीचा भात खात होतं. मी रडायला लागले, आणि अण्णा आतलं भजन ऐकत राहिले. 

मग म्हणाले, "धाकटी ह्याच कामात आहे ना? तिला एक विचार. आधी आत्या, मग मी. हे पुढे पोरींना होतं काय?"

जगातल्या सगळ्या काळज्या आपण करून झालो आहोत असा माझा समज होता. ही मी केली नव्हती. ही एकट्या त्यांनी केली होती, दोन वर्षं, आम्हा दोघी बहिणींसाठी. मी डोळे पुसले आणि अगदी ठामपणे म्हटलं, "नाही होत, अण्णा. मी विचारलंय तिला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"विचारून सांग," ते म्हणाले.